मुंबई बघायचीय, गाडी कशाला?

*नमस्कार. आम्ही नागपूरचे, मानेवाड्याला राहतो. घरात मी, हे, सातवीतली मुलगी, पहिलीतला मुलगा आणि सासूबाई. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मुंबई बघायला निघायचं ठरलंय, चार रात्रींसाठी. दादरला लॉजमध्ये दोन खोल्या घेतल्यात, त्याचे २८,००० रुपये होतील. जाणं-येणं, राहणं-खाणं धरून सगळं ८०,००० च्या आत बसवायचं आहे. विदर्भ आणि दुरांतो, दोन्हींचं जायच्या दिवशीचं वेटिंग भलतंच आहे, म्हणून रेल्वेचा विषय आम्ही सोडून दिला. ह्यांनी या वर्षी नवी पेट्रोल एसयूव्ही घेतली. हे म्हणतात, समृद्धीवरून आठ तासांत मुंबई, फास्टॅगचा वार्षिक पास काढलेला आहे म्हणजे टोलही नाही, मग गाडी दारात उभी ठेवून विमानाला पन्नास हजार कशाला घालायचे? मला गाडी येते, पण गावातल्या गावात. सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात, दीड-दोन तासांनी त्यांना उतरून पाय मोकळे करावेच लागतात. त्या विमानात कधी बसलेल्या नाहीत आणि ‘मी नाही बसणार’ म्हणतात. मुलीला विमानच हवंय. नणंद ठाण्याला असते, तिच्याकडे एकदा जेवायला जायचंच आहे. रोज रात्री जेवताना हाच वाद. तुम्हीच काय ते सांगा. — एक वाचक, नागपूर*

ताई, तुमच्या पत्रात निम्मं उत्तर आहेच. पण आधी पैशांचं बोलू, कारण तिथे तुमच्या यजमानांचं म्हणणं बरोबर आहे आणि ते मान्य केल्याशिवाय पुढचं ते ऐकून घेणार नाहीत.

मानेवाड्याहून शिवमडक्याला समृद्धीवर चढायचं, ७०१ किलोमीटर जाऊन भिवंडीजवळ आमणेला उतरायचं, तिथून ठाण्यावरून दादर. एका बाजूचे ७७० किलोमीटर धरा, दोन्ही बाजूंचे १,५४०. पाच माणसं, सामान, एसी आणि शंभरच्या वरचा वेग असताना पेट्रोल एसयूव्ही लिटरला चौदा दिलं तरी खूप दिलं म्हणायचं. म्हणजे ११० लिटर पेट्रोल, साडेअकरा हजारांच्या आसपास. त्यात टोल मिळवा. इथे यजमानांचा हिशेब चुकतोय. वार्षिक पास राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर चालतो. समृद्धी राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा आहे, तिथे पास चालत नाही, फास्टॅगमधून नेहमीसारखे पैसे कापले जातात. नागपूर ते आमणे पूर्ण रस्त्याचे कारला साधारण साडेचौदाशे, जाऊन-येऊन तीन हजारांत थोडे कमी. मुंबईत शिरताना मात्र काही द्यावं लागणार नाही. ऑक्टोबर २०२४ पासून पाचही प्रवेशनाक्यांवर लहान गाड्यांना टोल माफ आहे. पार्किंगचे चार दिवसांचे दीड-दोन हजार धरले, तरी सगळं मिळून सोळा-सतरा हजारांत भागतं.

विमानाचं काय? मुलगा सहा वर्षांचा असला तरी दोन वर्षांवरच्या मुलाला विमानात मोठ्या माणसासारखंच तिकीट लागतं. म्हणजे पाच जागा, दोन्ही बाजूंच्या दहा. दिवाळीनंतरच्या आठवड्यात माणशी पाच-साडेपाच हजारांत मिळालं तर ठीक म्हणायचं. पन्नास-पंचावन्न हजार, शिवाय दोन्हीकडच्या टॅक्स्या. तुमच्या ८०,००० मधून लॉजचे २८,००० वजा करा, उरतात ५२,०००. दोन्ही बाजूंनी विमान घेतलंत तर मुंबईत वडापावसुद्धा उधारीवर खावा लागेल. तेव्हा जाऊन-येऊन विमान हा पर्याय मीच बाद करून टाकते.

मग गाडीच काढा असं म्हणायला हवं. पण मी तसं म्हणणार नाही.

आठ तासांची गोष्ट आधी. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे, घाटाच्या भागात १००. कागदावर भागाकार केला तर सहा तासांतच रस्ता संपतो! पण काटा १२० वर लावून सातशे किलोमीटर कुणी जात नाही. सरासरी शंभरची पडली तरी ती चांगली. म्हणजे नुसतं समृद्धीवर सात तास. सासूबाईंसाठी चार-पाच वेळा थांबणं आलं, त्यात मुलांचं खाणं-पिणं आणि ‘मला शू लागली’ धरून दोन तास. घरापासून शिवमडक्यापर्यंत अर्धा तास. आणि आमणेला उतरल्यावर भिवंडी-ठाण्याचे कंटेनर, माजिवड्याचा नाका, पुढे पूर्व द्रुतगती मार्ग, मग दादर. हे पन्नासेक किलोमीटर दोन तासांत झाले तर देवाला नारळ फोडा. बेरीज साडेअकरा तासांच्या पुढे जाते. विमानानं घरातून निघून दादरच्या लॉजवर पोचेपर्यंत पाच-साडेपाच तास लागतील.

पण तासांपेक्षा मला काळजी आहे ती दुसऱ्या गोष्टीची. या साडेअकरा तासांत गाडी चालवणार कोण? फक्त तुमचे यजमान. तुम्ही शहरात चालवता, पण समृद्धीवर पहिल्यांदा चक्र हातात घ्यायचं ते मागे दोन मुलं आणि सासूबाई बसलेल्या असताना, हे तुम्हालाही नको असेल. समृद्धी हा रस्ता चांगला आहे, आणि त्याच्या चांगुलपणातच त्याची अडचण आहे. सरळसोट काँक्रीट, सिग्नल नाही, गाव नाही, समोरून येणारी गाडी नाही, दुचाकी-रिक्षाला बंदी. हात आणि पाय रिकामे राहतात, डोळे उघडे असतात आणि डोकं झोपून जातं. याला हायवे हिप्नॉसिस म्हणतात. जुन्या रस्त्यावर खड्डे होते, एसटी होती, बैलगाडी होती, म्हणून माणूस जागा राहायचा. इथे जागं ठेवायला शेजारी बसलेलं माणूसच लागतं आणि दुसऱ्या तासाला ते माणूसच घोरायला लागतं. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ खासगी बसला अपघात होऊन आग लागली, २५ माणसं गेली. तो अपघात मध्यरात्रीनंतरचा होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वैजापूरजवळ मिनीबसचा अपघात झाला, तोही रात्रीचाच. तुम्हाला घाबरवायला हे लिहीत नाही. रस्ता रोज हजारो गाड्या नीट पार करतात. पण माझं मत पक्कं आहे: पाचशे किलोमीटरच्या वर जायचं आणि हायवेवर चालवणारा माणूस एकच, तर कुटुंबाला घेऊन एका दमात जायचं नाही. घरात दुसरा सरावाचा चालक असता, तर मी हे पत्र वेगळ्या तऱ्हेनं लिहिलं असतं.

सासूबाईंचं बघा. ‘आपल्या गाडीत हवं तिथे थांबता येतं’ असं यजमान म्हणत असतील. साध्या हायवेवर ते खरं. समृद्धीवर कडेला गाडी लावणं धोक्याचं आहे आणि तशी परवानगीही नाही. थांबायचं ते पेट्रोलपंपावर, नाहीतर इंटरचेंजला बाहेर पडून. दोन पंपांच्या मध्ये गुडघा धरला तर धरला. स्वच्छतागृहांची अवस्थाही सगळीकडे सारखी नाही, आणि बहात्तराव्या वर्षी गुडघे दुखत असताना भारतीय पद्धतीचं शौचालय म्हणजे काय, हे घरातल्या बायकांना सांगायला नको. पुरुषमाणसांना मात्र एकदा स्पष्ट सांगायला हवं. यजमानांना सांगा.

आता दादरचा प्रश्न, जो तुमच्या पत्रात कुठेच नाही. साडेअकरा तास चालवून गाडी पोचली. पुढचे चार दिवस ती कुठे राहणार? लॉजवाल्याला आजच फोन करून विचारा, पार्किंग आहे का. ‘आहे’ म्हणाला तर विचारा, लॉजच्या आवारात की समोरच्या रस्त्यावर. दादरच्या बहुतेक जुन्या लॉजांचं उत्तर ‘समोरच्या रस्त्यावर’ हेच असतं. दिवाळीनंतरचा आठवडा, रानडे रोडवर अजून गर्दी, फुलबाजार पहाटेपासून. गल्लीत जागा मिळाली तर ती सोडवत नाही, कारण संध्याकाळी परत आल्यावर ती मिळणार नाही. आणि चुकीच्या बाजूला लावली तर टोइंगवाले उचलून नेतात, मग अर्धा दिवस गाडी सोडवण्यात. गेटवेला गाडी नेऊन कुठे लावणार? कुलाब्यात? पोरं बोटीत बसायला नाचताहेत आणि बाबा रस्त्यावर चौथी फेरी मारताहेत, ही सहल झाली का?

मुंबईत गाडी लागतच नाही, हे मुंबईबाहेरच्या माणसाला पटत नाही, कारण आपल्याकडे गाडीवाचून अडतं. तिथे उलटं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत सुरू झाली, आरेपासून तिथपर्यंत साडेतेहतीस किलोमीटर, सत्तावीस स्थानकं. तुमच्या कामाची जवळजवळ सगळी ठिकाणं तिच्यावर आहेत: विमानतळाची दोन्ही टर्मिनलं, दादर, सिद्धिविनायक, वरळीचं विज्ञान केंद्र, गिरगाव, सीएसएमटी, हुतात्मा चौक. लिफ्ट आहेत, एसी आहे, आणि पूर्ण मार्गाचं तिकीट ७० रुपये. सासूबाईंना घेऊन फिरताना जिथे मेट्रो सोयीची नाही तिथे काळी-पिवळी टॅक्सी. तुमच्या सहाफुटी एसयूव्हीपेक्षा मुंबईचा टॅक्सीवाला गल्ल्या जास्त ओळखतो. आणि पोरांना एकदा लोकलमध्ये बसवा, कामाच्या दिवशी सकाळी अकरा ते चारच्या मध्ये, दादरहून ठाण्याला. नणंदेकडचं जेवण त्याच दिवशी ठेवा. जलद गाडीनं अर्धा तास. सासूबाईंना मात्र दादरच्या पुलावर चढवू नका, त्यांना आणि यजमानांना टॅक्सीनं पाठवा.

मग जायचं कसं? माझं ऐकाल तर जाताना विमान, येताना रेल्वे.

रेल्वेचा विषय तुम्ही सोडलात तो जायच्या बाजूनं. येण्याच्या बाजूचं वेटिंग बघितलंत का? पत्रात तसं काही दिसत नाही. दिवाळीची गर्दी एका दिशेनं वाहते. दिवाळीआधी मुंबई-पुण्यातली नोकरदार पोरं नागपूरला घरी येतात आणि भाऊबीज झाली की तीच पोरं परत जातात. तुम्ही नेमके त्यांच्याबरोबर त्याच दिवशी निघालात. म्हणून रेल्वे भरलेली, म्हणून विमानही महाग. त्या आठवड्यात मुंबईहून नागपूरकडे येणाऱ्या गाड्यांना तितकी झुंबड नसते. आता रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, तेव्हा परतीची तारीख आज रात्रीच टाकून बघा.

आणि जमलं तर निघायचा दिवस भाऊबीजेनंतर तीन-चार दिवसांनी पुढे ढकला. शाळेची सुट्टी तेवढी असतेच. शनिवार-रविवार टाळून मंगळवार-बुधवार बघा. लॉजवाल्याला तारखा बदलायला आताच सांगितलं तर तो सहसा नाही म्हणत नाही, शेवटच्या आठवड्यात सांगितलं तर पैसे कापतो. एवढ्या एका बदलानं विमानाच्या पाच तिकिटांत काही हजार वाचू शकतात. कदाचित जायच्या बाजूचं रेल्वेचं तिकीटही मिळून जाईल. मिळालं तरी मी तुमच्या जागी जाताना विमानच घेईन. पहिल्या दिवशी दुपारी सासूबाई दादरला उतरून जेवून पडू शकतील, आणि सातवीतल्या मुलीच्या मनात आहे ते एकदा होऊन जाईल. हट्ट सगळ्यांचे एकाच सहलीत पुरवता येत नसतात, पण हा परवडणारा आहे.

हिशेब असा बसतो. जायची पाच तिकिटं २५,००० ते २७,०००. येताना थर्ड एसीची पाच तिकिटं दुरांतोची साधारण दहा हजारांच्या आसपास, विदर्भची त्याहून कमी. मुलाला वेगळा बर्थ घेतलात तर पूर्ण तिकीट लागेल. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धं तिकीट फक्त बर्थ न घेता मिळतं. सहा वर्षांचं पोर रात्रभर तुमच्या कुशीत झोपवून तुम्ही झोपणार नाही, तेव्हा बर्थ घ्याच. प्रवास झाला ३५ ते ३७ हजारांत. उरलेल्या पंधरा हजारांत चार-साडेचार दिवसांचं पाच जणांचं खाणं, टॅक्सी, तिकिटं. ओढाताण होईल, पण भागेल. लॉजच्या खाली उडप्याकडे नाश्ता केला आणि दुपारचं जेवण थाळीवर आटोपलं तर नक्की भागेल.

विमानाचं तिकीट काढताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं सुरू झाली आहेत. तो विमानतळ उलव्याला आहे, दादरपासून खाडीपलीकडे. पाचशे रुपये स्वस्त दिसलं म्हणून ते तिकीट घेतलंत तर टॅक्सीत ते पाचशे आणि वर बरेच जातील. नुसतं ‘मुंबई’ वाचून पुढे जाऊ नका, कुठला विमानतळ ते वाचा. सामान माणशी पंधरा किलो आत द्यायला आणि सात किलो हातात, असं बहुतेक कंपन्यांचं असतं. पाच जणांचं मिळून पंचाहत्तर किलो म्हणजे नणंदेसाठी संत्रा बर्फी आणि फराळ सहज बसेल. चिवडा-लाडू चालतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊ नका, तेलामुळे त्या पेटतात म्हणून काढून घेतात. लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत ठेवू नका. पॉवर बँक मात्र हातातच ठेवा, आत द्यायच्या बॅगेत नाही. आणि पोराच्या खिशात उरलेल्या टिकल्या-फुलबाज्या नाहीत ना, ते घरून निघताना तपासा. ते विमानातही चालत नाही आणि रेल्वेतही.

आता सासूबाईंचं ‘मी नाही बसणार’. हे पडण्याच्या भीतीनं कमी आणि फजितीच्या भीतीनं जास्त असतं, असं मला वाटतं. सरकत्या जिन्यावर पाय कसा ठेवायचा, पट्टा कसा लावायचा, लघवीला कुठे जायचं, कुणी इंग्रजीत काही विचारलं तर काय सांगायचं. सुनेसमोर आणि नातवंडांसमोर आपण अडाणी दिसू, हे त्यांना नको आहे. त्यांना एकटीला बसवून सोनेगाव विमानतळाच्या दारापासून दादरपर्यंत काय-काय होणार ते एकेक सांगा, आणि सुनेपेक्षा नातीनं सांगितलं तर जास्त बरं. तिकीट काढतानाच चाकाच्या खुर्चीची नोंद करा, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. राहून गेलं तर निदान दोन दिवस आधी कंपनीला फोन करून कळवा. ‘मी काय लुळी आहे का’ असं त्या म्हणतील. मुंबईच्या टर्मिनलवर किती चालावं लागतं ते सांगा, मग म्हणणार नाहीत. शिवाय खुर्चीवाल्याबरोबर तपासणीची रांगही लवकर संपते आणि घरच्या एखाद्या माणसाला त्यांच्यासोबत सोडतात. जागा त्यांना मधल्या वाटेच्या कडेची घ्या, पुढच्या बाजूची. पाय लांब करता येतो आणि उठायला सोपं पडतं. दीड तासाचा प्रवास आहे, त्यांच्या उतरून पाय मोकळे करण्याच्या वेळेतच तो संपतो.

परतीच्या रेल्वेत त्यांना खालचा बर्थ मिळायलाच हवा. पाचही जणांचं एकाच तिकिटावर आरक्षण केलंत तर तो मिळेलच असं नाही. ज्येष्ठांसाठी आणि पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांसाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो. सासूबाईंचं तिकीट त्या कोट्यातून वेगळं काढा, बाकी चौघांचं वेगळं. डबा वेगळा आला तर यजमानांनी कुणाशी तरी जागा बदलून घ्यायची. गाडी सीएसएमटीहून पकडा, दादरहून नाही. सीएसएमटीला गाड्या तिथेच संपतात आणि तिथूनच सुटतात, त्यामुळे टॅक्सीतून उतरून सरळ फलाटावर चालत जाता येतं, एकही जिना नाही. रात्रीची गाडी असल्यानं शेवटचा पूर्ण दिवस तुमच्या हातात राहतो. सकाळी लॉज सोडायचं, सामान सीएसएमटीच्या क्लोक रूममध्ये टाकायचं (बॅगांना कुलूप लागतं) आणि वस्तुसंग्रहालय, गेटवे, मरीन ड्राइव्ह उरकून रात्री गाडीत झोपायचं.

बाकी दोन-तीन बारीक गोष्टी. घारापुरी सोमवारी बंद, राणीची बाग बुधवारी बंद. पेंग्विन बघायला म्हणून गेलात आणि फाटक बंद दिसलं की मुलगा जे रडेल ते ठाण्यापर्यंत थांबणार नाही. घारापुरीला बोटीतून उतरल्यावर लेण्यांपर्यंत शंभरावर पायऱ्या आहेत, सासूबाईंना त्या दिवशी लॉजवर आराम करू द्या. रविवारी लोकलला मेगाब्लॉक असतो, त्या दिवशी ठाण्याला जायचं ठरवू नका.

यजमानांचं मन कसं वळवायचं? त्यांना गाडी बहिणीला दाखवायची आहे, असा माझा अंदाज आहे, आणि त्यात वाईट काहीच नाही. नवी गाडी घेतली की ती कुणाला तरी दाखवावीशी वाटतेच. पण ते तोंडानं बोलता येत नाही, म्हणून टोल आणि पेट्रोल बोलतात. त्यांना गाडी चुकीची घेतली असं वाटेल असं एक वाक्यही बोलू नका. गाडीची सहल वेगळी काढा, डिसेंबरात चिखलदरा किंवा पेंच. सकाळी निघून दुपारी पोचण्याइतकं अंतर, सासूबाईंना झेपेल असं, घाटात गाडीची मजाही कळेल. आणि नणंदेला नाताळात नागपूरला बोलवा. ती गाडी बघायला येईल.

एवढं सगळं ऐकूनही ते गाडीवरच अडून बसले, तर भांडू नका, पण दोन अटी घाला. पहिली, एका दिवसात मुंबई गाठायची नाही. पहिला मुक्काम छत्रपती संभाजीनगर, नागपूरहून सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. वाटेत मेहकरला बाहेर पडून लोणारचं सरोवर दाखवता येईल. उल्कापातानं झालेलं सरोवर हे मुलीला पुस्तकातून माहीत असणारच. दुसऱ्या दिवशी सकाळी वेरूळ (मंगळवारी बंद असतं), तिथलं कैलास लेणं सपाटीवर आहे, सासूबाईंनाही बघता येईल. मग समृद्धीवरून पुढे. ५ जून २०२५ ला सुरू झालेला इगतपुरी-आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खरंच बघण्यासारखा आहे, पावणेआठ किलोमीटरचा बोगदा आणि कसारा घाटाची कटकट नाही. हे केलंत तर दादरची एक रात्र कमी करावी लागेल. पण मग ती मुंबईची सहल न राहता रस्त्याची सहल होते, आणि ती वाईट नाही.

दुसरी अट, गाडी ठाण्याच्या पुढे न्यायची नाही. नणंदेच्या सोसायटीत पाहुण्यांच्या जागेत चार दिवस राहू द्या, आधी सेक्रेटरीला विचारून. बहिणीनं गाडी बघितलीही आणि दादरच्या पार्किंगचा प्रश्नही मिटला. पुढे टॅक्सीनं लॉजवर.

निघायच्या आदल्या दिवशी चारही टायर आणि स्टेपनी तपासून घ्या, हवा टायर थंड असताना भरा. तापलेल्या काँक्रीटवर कमी हवेचा टायर फुटतो. मागे बसलेल्यांनीही पट्टे लावायचे, सासूबाईंनी सुद्धा. पहाटे पाचला निघा, कारण जाताना पश्चिमेकडे जायचंय आणि दुपारनंतर ऊन सरळ डोळ्यांवर येतं. येताना उलट, सकाळचं ऊन समोरून. दर दोन तासांनी वीस मिनिटं थांबायचं, यजमान दमले असोत वा नसोत. आणि अंधार पडल्यावर समृद्धीवर राहायचं नाही. उशीर झालाच तर जालना, मेहकर, कारंजा, जो इंटरचेंज येईल तिथे बाहेर पडा आणि साधं लॉज बघून झोपा.